दारातला काळा दगड आणि सहावीचा वर्ग

वाचकाचे पत्र : मी अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवते. माझा मूळ विषय मराठी. भूगोल गेल्या वर्षी माझ्याकडे आला. खडकांचे प्रकार, मृदा, पृथ्वीचे अंतरंग हे पाठ मुलांना तोंडपाठ होतात, पण हातात दगड देऊन ‘हा कोणता?’ असे विचारले की वर्ग गप्प बसतो. शाळेत नमुन्यांची पेटी नाही आणि आमच्या शिवारात पाहावे तिकडे काळाच दगड. सहावीतल्या एका मुलाने विचारले, ‘बाई, अग्निजन्य खडक ज्वालामुखीतून येतो, तर मग आपला ज्वालामुखी कुठे आहे?’ मला उत्तर देता आले नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना व्हिनेगर आणि सोड्याचा ज्वालामुखी करायचा आहे, तो करू द्यावा का? अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा धाकही आहेच. आणखी एक : एका मुलीने विहिरीच्या खोदकामातून निघालेला, आत पांढरे स्फटिक असलेला एक दगड आणला आहे. तो काय असावा?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ त्या सहावीतल्या मुलाची आहे. पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे मानून त्याने ते आपल्या शिवाराला लावून पाहिले आणि ते बसेना, तेव्हा त्याने हात वर केला. भूविज्ञानाचे निम्मे काम इथेच होते. त्यामुळे ‘उत्तर देता आले नाही’ याची खंत बाळगू नका. तो प्रश्न फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुढचे सगळे पाठ त्या प्रश्नाच्या आधाराने शिकवा.

आधी तुमच्यापुरते उत्तर सांगतो. तुमच्या शाळेखालचा काळा दगड म्हणजे बसाल्ट. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच खडकाने झाकलेला आहे आणि दख्खनच्या या लाव्हा थरांचे आजचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा थर आला. यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत साचला असे आजच्या कालमापनावरून दिसते. चित्रातल्यासारखा टोकदार, तोंडातून धूर सोडणारा डोंगर इथे उभाच राहिला नाही, म्हणून तो मुलाला सापडत नाही. त्याला सांगायचे ते एवढेच, की तू ज्वालामुखी शोधतो आहेस आणि त्याच्यावरच उभा आहेस. तो पुढे विचारील की मग आता लाव्हा का येत नाही? बहुतेक भूवैज्ञानिक या उद्रेकाचा संबंध हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या उष्ण स्रोताशी जोडतात. त्या काळी भारताचा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्या स्रोतावरून सरकत होता. आपण उत्तरेकडे निघून आलो आणि स्रोत मागे राहिला. रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

हे सारे तुम्ही उद्या एका दमात वर्गात सांगू नये, असे मात्र मी आग्रहाने सुचवीन. माझा अनुभव असा, की अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना भूविज्ञान शिकवताना सगळ्यात जास्त नुकसान क्रमामुळे होते. आपण आधी नाव सांगतो, मग व्याख्या, मग प्रकार, आणि वेळ उरला तर वस्तू दाखवतो. नाव मिळाले की मूल पाहणे थांबवते, कारण त्याच्या दृष्टीने काम संपलेले असते. हा क्रम उलटा करावा. आधी वस्तू, मग तिच्याबद्दल मुलांनी स्वतःच्या शब्दांत केलेले वर्णन, मग प्रश्न, आणि नाव सर्वांत शेवटी, तेही गरज पडल्यावर. तुम्ही मूळच्या मराठीच्या शिक्षिका आहात ही इथे उणीव ठरत नाही. दगडाचे वर्णन करायला नेमका शब्द शोधणे ही भाषेचीच कसरत आहे, आणि ती तुम्ही भूगोलाच्या कित्येक पदवीधरांपेक्षा चांगली करून घ्याल.

‘पाहावे तिकडे काळाच दगड’ ही तुमची तक्रार मी जरा तपासून पाहायला सांगतो. प्रत्येक मुलाला घराजवळून मुठीएवढा एक दगड आणायला सांगा. चाळीस दगड एका ओळीत मांडले की दिसेल : काही घट्ट, जड आणि बारीक कणांचे असतील, काहींना बारीक भोके असतील, काहींच्या भोकांत पांढरे किंवा हिरवट दाणे भरलेले असतील, एखादा हाताने चुरडता येईल इतका ठिसूळ आणि तांबूस असेल. मुलांना त्यांचे गट पाडू द्या आणि गटांची नावेही त्यांनाच ठेवू द्या. मग घरी जाऊन आजोबांना किंवा विहिरीची कामे करणाऱ्यांना विचारून यायला सांगा. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, कातळ, गेरू अशी नावे मुले घेऊन येतील, आणि कदाचित तुम्ही-मी न ऐकलेली आणखी दोन-चार. विहीर खणणाऱ्या माणसाला कोणत्या दगडात पाणी लागते आणि कोणत्या दगडात सुरुंग वाया जातो हे कळावे लागते. त्यामुळे त्याचे वर्गीकरण पोटापाण्याचे आणि बरेच अचूक असते. मुलांनी आणलेली ही नावे फळ्यावर एका बाजूला आणि पुस्तकातली दुसऱ्या बाजूला लिहा.

यानंतर भोकांची गोष्ट सांगता येते. लाव्हा वर येतो तेव्हा त्यात वायू कोंडलेले असतात, ते बुडबुड्यांच्या रूपाने वर सरकतात आणि वरचा भाग थिजताना तिथेच अडकतात. म्हणून एका लाव्हा थराचा मधला भाग साधारणपणे घट्ट असतो आणि माथा भोकांचा, जाळीदार असतो. दोन उद्रेकांच्या मध्ये पुरेसा काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा हवा-पाण्याने झिजून तिथे तांबड्या मातीचा पट्टा तयार होतो. पुढच्या वेळी एसटीने घाटातून जाताना मुलांना कड्यातले हे तांबडे पट्टे मोजायला सांगा. थर कुठे संपला आणि कुठे सुरू झाला याची ती खूण असते. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात तेही यामुळेच, कारण घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो आणि ठिसूळ भाग झिजून उतार होतो. या खडकांना इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, हे सांगितले की मुलांच्या ते कायमचे लक्षात राहते. घरातले जाते आणि पाटा-वरवंटा बहुधा याच दगडाचे असतात, आणि वेरूळचे कैलास लेणे याच दगडात वरून खाली कोरत नेलेले आहे, हे तुम्ही त्यात घालालच.

झीज शिकवायला तर तुमच्या तालुक्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. रस्त्यासाठी कापलेल्या मुरमाच्या उभ्या भिंतीत गोल गुंडे दिसतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. खडकाला पडलेल्या भेगांतून पाणी आत जाते, कोपऱ्यांवर ते दोन-तीन बाजूंनी काम करते, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि चौकोनी तुकड्याचा गोळा होतो. मुलांना एक पापुद्रा हाताने सोलू द्या. ‘विदारण’ हा शब्द त्यानंतर सांगितलात तर तो पाठ करावा लागणार नाही. आणि निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तर तुमच्या अंगणातच आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून कठीण बसाल्टमध्ये रांजणासारखे खड्डे पाडतात, हे पाहायला लोक दुरून येतात आणि त्याच तालुक्यातली मुले ‘नदीचे खनन कार्य’ या मथळ्याखाली दुसऱ्याच देशातल्या दरीचे चित्र काढत बसतात, हे मला नेहमी खटकते. तिथे गेल्यावर मुलांना एकच काम द्या : खळग्याच्या तळाशी काय आहे ते सुरक्षित अंतरावरून पाहून लिहा. गुळगुळीत गोटे दिसले की खड्डा कोणत्या हत्याराने खोदला ते मुले आपण होऊन सांगतील.

सहल मात्र पावसाळ्यानंतर, पाणी ओसरल्यावरच काढा, धरणातून पाणी सुटणार नाही याची आधी चौकशी करा आणि कोणालाही खळग्याच्या कडेवर उतरू देऊ नका. त्या कडा झिजून अतिशय निसरड्या झालेल्या असतात. चालू खाणीत आणि खडी क्रशरजवळ मुलांना नेऊच नये. दगड फोडायचा असेल तर तो तुम्ही फोडावा, जाड कापडात गुंडाळून, आणि मुलांना लांब उभे करून.

मातीचा पाठ सातवीला आहे. त्यासाठी काचेच्या रुंद तोंडाच्या तीन बरण्या पुरतात. एकीत शेतातली काळी माती, दुसरीत माळावरची मुरमाड, तिसरीत नदीकाठची घालून पाणी भरा, हलवा आणि ठेवून द्या. वाळू पाहता पाहता खाली बसते, गाळाला वेळ लागतो, आणि काळ्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल. तीच काळी माती ताटलीत चिखल करून उन्हात वाळवली की भेगा पडतात आणि त्या मोजपट्टीने मोजता येतात. या मातीतला चिकणमातीचा खनिज-प्रकार पाणी शोषून फुगतो आणि वाळला की आकसतो. घराच्या भिंतींना तडे का जातात आणि उन्हाळ्यात रानात पाय अडकेल एवढ्या भेगा का पडतात, याचे उत्तर त्या ताटलीत आहे. याच रानात चुनखडीचे पांढरट खडेही सापडतात. त्यांची पूड करून वर लिंबू पिळले की फसफसते. गाळाचा खडक तुमच्याकडे नाही असे म्हणण्याआधी, चुना पाण्यात विरघळून पुन्हा कसा साचतो ते निदान या खड्यावरून दाखवता येईल. खऱ्या वालुकाश्माचा आणि कोळशाचा तुकडा हवा असेल तर चंद्रपूरकडच्या एखाद्या शिक्षकाशी पत्रव्यवहार करा, कोकणातल्या शाळेकडून जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा मागवा आणि बदल्यात तुमचा बसाल्ट पाठवा. मुलांच्या पत्रलेखनाचे गुणही त्यातच निघतील.

आठवीचे पृथ्वीचे अंतरंग हा खरा अवघड पाठ, कारण तिथे हातात द्यायला काही नाही. चित्रात थर रंगवून दिलेले असतात आणि मुलांची पक्की समजूत होते की पायाखाली थोडे खोल गेले की लाव्हाचा समुद्र आहे. ही समजूत काढून टाकण्यासाठी वर्गाबाहेर या. मैदानात ६ मीटर ३७ सेंटिमीटर लांबीची सुतळी ताणा. १ मीटर म्हणजे १,००० किलोमीटर. एक टोक पृथ्वीचे केंद्र, दुसरे आपली शाळा. शाळेच्या टोकापासून कवच मोजा : भूखंडाखाली ते साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड, म्हणजे सुतळीवर जेमतेम दोन बोटे. २ मीटर ९० सेंटिमीटरपर्यंत प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, ५ मीटर १५ सेंटिमीटरपर्यंत बाह्य गाभा, आणि उरलेला अंतर्गाभा. आता विचारा, माणूस कुठवर पोहोचला? कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले गेले. त्यात वरचा किलोमीटरभर आणि थोडा अधिक बसाल्ट लागला आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटसारखा खडक. सुतळीवर हे छिद्र ३ मिलिमीटर, साबुदाण्याच्या एका दाण्याएवढे. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचे १२ किलोमीटरचे छिद्रदेखील सव्वा सेंटिमीटरच भरते, आणि आपले कळसूबाई दीड मिलिमीटरच्या जरा वर. मग पुढचा प्रश्न मुलेच विचारतील : पोहोचलोच नाही तर आत काय आहे ते कळले कसे? बाजारात मडके घेताना आपण ते वाजवून का पाहतो, इथून सुरुवात करा आणि भूकंपलहरींपर्यंत या. त्यांतल्या दुय्यम लहरी, म्हणजे खडकाला आडवे हलवत जाणाऱ्या लहरी, द्रवातून जात नाहीत आणि त्या बाह्य गाभ्यापलीकडे पोहोचत नाहीत, म्हणून तो द्रव असला पाहिजे. प्रावरणातून मात्र त्या जातात, म्हणजे प्रावरण घन आहे. घन असूनही ते लाखो वर्षांच्या हिशेबाने वाहते, हे पटवायला डांबराचा गोळा उपयोगी पडतो : हातोडीने मारला तर फुटतो, आणि उन्हात ठेवून दिला तर सावकाश पसरतो.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर वर्तमानपत्रातल्या परदेशी बातम्यांपेक्षा घरातल्या माणसांकडे मुलांना पाठवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पुण्या-मुंबईपर्यंत जाणवला होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात जे झाले ते आजच्या आजी-आजोबांना नक्की आठवते. मुलांनी तीनच प्रश्न विचारावेत : तुम्ही कुठे होता, काय हलले, किती वेळ हलले? दख्खनचे पठार स्थिर आहे असे वर्षानुवर्षे शिकवले जात होते आणि किल्लारीने त्या वाक्यात दुरुस्ती करायला लावली. माती-दगडाच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे अशा घरांनी तिथे हजारो माणसे गाडली. तुमच्या वर्गातली काही मुले तशा घरांत राहत असतील, तेव्हा हे सांगताना भीती घालू नका; भिंतींना आडवे जोड कसे देतात हे गावातल्या गवंड्याला वर्गात बोलावून त्याच्याकडून ऐका.

व्हिनेगर-सोड्याच्या ज्वालामुखीबद्दल माझे मत जरा कडवे आहे, ते तसेच सांगतो. फेस पाहून पाहुणे टाळ्या वाजवतात, पण तो फेस आम्ल आणि सोडा यांच्या अभिक्रियेचा असतो, लाव्हाशी त्याचा संबंध नाही, आणि पुठ्ठ्याचा शंकू करून मुले पुन्हा तोच चित्रातला डोंगर मनात पक्का करतात, ज्याने तुमच्या विद्यार्थ्याला अडचणीत टाकले. त्याऐवजी काकवी घ्या. थोडी कोमट करा आणि थोडी थंड ठेवा. दोन तिरक्या ताटल्यांवर एकाच वेळी ओता आणि किती सेकंदांत किती अंतर गेली ते लिहा. पातळ लाव्हा शेकडो किलोमीटर का पसरला आणि दाट लाव्हाचा डोंगर का होतो हे त्यातून दिसते. ताटलीऐवजी लाकडी फळीला उभी चीर पाडून खालून पातळ चिखल दाबून वर आणता आला, तो वाळल्यावर त्यावर दुसऱ्या रंगाच्या मातीचा थर देता आला, असे पाच-सहा थर झाले आणि मग ते सुरीने कापून काप दाखवला, तर प्रदर्शनात बक्षीस मिळो न मिळो, तुमच्या तालुक्याचा छेद तयार होईल.

काळाची लांबी शिकवायला दुसरी सुतळी लागेल, ४५ मीटर ४० सेंटिमीटरची, कारण पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि इथे १ मीटर म्हणजे १० कोटी वर्षे. दख्खनचा लाव्हा आजच्या टोकापासून ६६ सेंटिमीटरवर येतो, माणूस ३ मिलिमीटरवर, आणि शिवकाल केसाच्या जाडीएवढ्याही अंतरावर नाही. एका तासिकेत हे होते.

अभ्यासक्रमाच्या धाकाबद्दल फार लिहीत नाही. ‘फरक स्पष्ट करा’ आणि ‘कारणे द्या’ हे प्रश्न येणारच आहेत. दगड आधी हाताळलेल्या मुलाला ते लिहायला कमी वेळ लागतो, म्हणून सुरुवातीच्या चार जादा तासिका शेवटच्या उजळणीत परत मिळतात. घटक चाचणीत एखादा प्रश्न व्याख्येऐवजी दगड समोर ठेवून विचारा : काय दिसते, त्यावरून काय म्हणता येईल, आणि काय म्हणता येणार नाही? तिसऱ्या भागाला सर्वांत जास्त गुण ठेवा.

आता त्या पांढऱ्या स्फटिकांच्या दगडाविषयी. न पाहता नाव सांगणार नाही, पण तुमच्या भागात शक्यता प्रामुख्याने तीन आहेत : गारगोटी, कॅल्साइट (चुन्याचे खनिज) किंवा झिओलाइट गटातले एखादे खनिज. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाणी झिरपून ही खनिजे वाढली. पुणे, नाशिक आणि जळगाव या जिल्ह्यांतल्या खाणींमधले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत आणि सिन्नरचे गारगोटी संग्रहालय त्यांच्यासाठीच आहे. निवाडा मुलांनाच करू द्या. स्फटिकाच्या टोकाने जुन्या काचेच्या तुकड्यावर ओरखडा ओढा. काच खरवडली गेली तर गारगोटी. नाही, तर लोखंडी खिळ्याने तो कोपऱ्यात जरासा घासा आणि निघालेल्या पुडीवर लिंबाचा थेंब टाका. फसफसले तर कॅल्साइट. खिळ्याने ओरखडा पडतो, लिंबाने काही होत नाही, आणि स्फटिक पंख्यासारखे पसरलेले किंवा मोत्यासारखी चमक असलेले आहेत, तर बहुधा झिओलाइट. या नावाचा अर्थ ‘उकळणारा दगड’. १७५६ मध्ये एका स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने असा दगड तापवला, तो फसफसू लागला, म्हणून त्याने ते नाव दिले.

निकाल काहीही लागो, त्या दगडाला कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि तिच्यावर कोणत्या विहिरीतून, किती फुटांवरून, कोणत्या तारखेला निघाला आणि कोणी आणला हे त्या मुलीच्या अक्षरात लिहून घ्या. नमुन्यांच्या पेटीतला हा क्रमांक १.